काळा डाग कशाचा?

घोड्याच्या कंडरेच्या सोनोग्राफी-चित्राचे एक परीक्षण

घोड्याच्या पायाच्या दुखापतींवरचे कोणतेही पशुवैद्यकीय पुस्तक उघडले, तर त्यात एक चित्रजोडी हमखास सापडते. डावीकडे काळ्या पार्श्वभूमीवर एक करडा लंबगोल, सगळीकडे सारखाच करडा. उजवीकडे तसाच लंबगोल, थोडा फुगलेला आणि त्याच्या मधोमध एक काळा डाग. डागाकडे रोखलेला बाण आणि खाली ओळ: कंडरेच्या गाभ्यातील इजा. ही जोडी पाचवीतल्या मुलाला दाखवली तरी कोणती कंडरा बिघडली आहे हे तो लगेच सांगेल.

चित्राची ताकद याच सोपेपणात आहे आणि त्याचा दोषही त्यातच आहे. पुस्तकाचे परीक्षण करताना आपण विचारतो, की लेखक काय सांगतो आहे, कशाच्या आधारावर सांगतो आहे आणि काय सांगायचे राहून गेले आहे. तेच प्रश्न या चित्राला विचारून पाहू. विषय घोड्याचा असला तरी प्रश्न आपल्या वर्गाचा आहे. ‘सोनोग्राफी म्हणजे ध्वनीच्या साहाय्याने काढलेला शरीराच्या आतला फोटो’ असे वाक्य आपण सहज बोलून जातो. ते कितपत खरे आहे हे तपासायला घोड्याच्या पायाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल.

आधी पाय समजून घेऊ

घोड्याचा पुढचा पाय आपल्या हाताशी ताडून पाहा. ज्याला आपण त्याचा पुढचा गुडघा म्हणतो ते खरे तर त्याचे मनगट. त्याखालचे लांब, सरळ हाड हे आपल्या तळहातातील मधल्या बोटाच्या रेषेतले हाड. खूर म्हणजे त्या बोटाचे नख. थोडक्यात, घोडा प्रत्येक पायाच्या एकेका बोटाच्या टोकावर उभा असतो. मनगटाखाली स्नायू जवळजवळ नाहीतच. वरच्या स्नायूंची ओढ खालपर्यंत पोचवतात त्या कंडरा. आपल्या टाचेमागे चिमटीत येते ती जाड दोरी म्हणजेही कंडराच. शालेय पुस्तकात तिला स्नायुरज्जू म्हटलेले आढळेल.

पायाच्या मागच्या बाजूला, त्वचेच्या लगेच खाली बोट दुमडणारी वरवरची कंडरा असते आणि तिच्या पुढे, हाडाच्या बाजूला खोलची कंडरा. शर्यतीच्या घोड्याला बहुतेक वेळा इजा होते ती वरवरच्या कंडरेला. तिच्या मध्यभागी आडवा छेद घेतला तर क्षेत्रफळ सुमारे १ चौरस सेंटिमीटर भरते. अर्ध्या टनाचे जनावर ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने धावते, तेव्हा खुरावरचा सांधा जमिनीकडे दबतो आणि ही कंडरा स्प्रिंगसारखी ताणली जाते. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सरपट धावणाऱ्या घोड्यांत ही लांबी सुमारे १६ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे मोजले गेले. प्रयोगशाळेत ताणून पाहिलेल्या कंडरा १२ ते २० टक्क्यांच्या दरम्यान तुटतात. म्हणजे निसर्गाने इथे सुरक्षिततेला फारशी जागा ठेवलेली नाही.

ताणलेली स्प्रिंग सगळी ऊर्जा परत देत नाही. थोडी उष्णतेत जाते. १९९४ मध्ये विल्सन आणि गुडशिप या ब्रिटिश संशोधकांनी धावत्या घोड्याच्या कंडरेच्या गाभ्याचे तापमान मोजले. ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढत होते. बाहेरचा भाग निवतो, गाभ्यातली उष्णता मात्र लवकर बाहेर पडत नाही. इजा मधोमध का दिसते याचे हे एक संभाव्य कारण. आणखी एक गोष्ट इथेच लक्षात ठेवावी. घोडा लंगडतो तो एका दिवशी, पण कंडरेची झीज त्याआधी कितीतरी दिवस मुकाट्याने चाललेली असते.

चित्राने काय दिले

१९८० पर्यंत पशुवैद्याजवळ या इजेसाठी बोटे आणि डोळे एवढीच साधने होती. कंडरा धनुष्यासारखी फुगली आहे का, गरम लागते का, दाबल्यावर घोडा पाय ओढून घेतो का, हे पाहायचे. क्ष-किरणांचा उपयोग नव्हता. हाडातले कॅल्शियम क्ष-किरण मोठ्या प्रमाणात शोषते, म्हणून हाड उठून दिसते. कंडरा, स्नायू आणि भोवतालचा द्रव मात्र ते जवळजवळ सारखेच शोषतात. त्यामुळे तिथे नुसती पुसट सावली.

उपचाराचे काय? तापलेल्या लोखंडाने पाय डागणे. आपल्याकडे बैलांना डाग देतात तसेच युरोपातही शतकानुशतके चालत आले होते. डागल्यावर घोडा काही महिने बांधून ठेवत, तो बरा होई आणि श्रेय डागणीला जाई. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी १९८३ साली तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध करून डागण्याने फायदा होत नसल्याचे दाखवले. डागल्यावर मिळणारी विश्रांतीच कामी येत होती.

याच काळात अमेरिकेत नॉर्मन रँटनेन यांनी घोड्याच्या पायावर श्राव्यातीत ध्वनी वापरून पाहिल्याचा पहिला वृत्तांत १९८२ साली दिला. पुढे १९८६ मध्ये जेनोव्हीस, रँटनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा विस्तृत लेख आला. आजची चित्रजोडी याच परंपरेतली. या लेखाचे मोठेपण केवळ चित्रांत नव्हते. पाय वरून खाली ठरावीक विभागांत वाटून घ्यायचा, प्रत्येक विभागात छेद पाहायचा, इजेला ० ते ४ असे अंक द्यायचे, अशी शिस्त या परंपरेने घालून दिली. शून्य म्हणजे निरोगी कंडरेइतकीच उजळ आणि चार म्हणजे पूर्ण काळी. ‘बरीच सुजली आहे’ या वाक्याच्या जागी दुसऱ्या गावातल्या वैद्यालाही कळेल असा आकडा आला. हे काम मोठे होते, हे मान्य करूनच पुढच्या आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप: कोन कुठे आहे?

हे चित्र काढतात कसे? पायाचे केस कापतात, जेल लावतात आणि प्रोब टेकवतात. केसांत हवा अडकलेली असते आणि हवा व मांस यांच्या सीमेवरून जवळजवळ सगळा ध्वनी परत फिरतो, म्हणून ही तयारी. प्रोब ध्वनीचा एक तुकडा आत सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट पाहतो. ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. एक सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी यायला सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी १३ भाग लागतात. मुलांकडून हे गणित करून घेण्यासारखे आहे. प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून ठिपक्याची जागा ठरते. तो किती जोरकस होता यावरून ठिपका किती उजळ हे ठरते. पडद्यावरचा काळा रंग म्हणजे ‘या जागेवरून माझ्याकडे काही परत आले नाही’.

आता प्रश्न असा, की काही परत का येत नाही? तिथे तंतू तुटून रक्त व द्रव साचला असेल, तर परतवणारे काही उरत नाही. पण दुसरेही कारण असू शकते. कंडरेतले तंतू एकमेकांना समांतर, घट्ट बांधलेले असतात. ते ध्वनीला आरशासारखे परतवतात. ध्वनी बरोबर काटकोनात आला तर तो उलट प्रोबकडे जातो. प्रोब काही अंशांनी जरी कलला, तरी प्रतिध्वनी भलतीकडे निघून जातो आणि पूर्ण निरोगी कंडरा पडद्यावर काळी दिसते.

हे वर्गात करून दाखवता येते. खोलीत अंधार करा. टॉर्च डोळ्याशेजारी धरून समोरच्या सपाट आरशावर सरळ प्रकाश टाका. डोळे दिपतील, तेव्हा टॉर्च मंद असू द्या. आता आरसा किंचित तिरपा करा. आरसा तोच, टॉर्च तोच, पण आरसा काळा पडला. आरशाच्या जागी पांढरा कागद धरा. तो तिरपा केला तरी उजळच राहतो, कारण तो प्रकाश सगळीकडे विखुरतो. निरोगी कंडरा आरशासारखी वागते. गोंधळ होतो तो यामुळेच.

छापील चित्रात कोनाचा उल्लेख सहसा नसतो. जाणता वैद्य प्रोब थोडा पुढेमागे कलवून पाहतो. डाग नाहीसा झाला तर तो कोनाचा आणि कोणत्याही कोनातून राहिला तर इजेचा. दुसरा पायही तो तपासतो. म्हणजे निदान होते ते या हालचालीतून. छापताना ती हालचाल गळून पडते आणि एक थिजलेली चौकट तेवढी उरते.

दुसरा आक्षेप: करडा म्हणजे किती करडा?

यंत्रावर एक बटण असते. त्याने आलेल्या प्रतिध्वनीचा जोर वाढवता किंवा कमी करता येतो, रेडिओचा आवाज लहानमोठा करावा तसा. बटण फिरवले की सगळे चित्र उजळते किंवा गडद होते. मग ० ते ४ या मोजपट्टीचे काय? शून्य आणि चार यांत घोटाळा होणार नाही. पण एक आणि दोन यांच्यातली सीमा पाहणाऱ्याच्या नजरेवर आणि त्या दिवशी बटण कुठे होते यावर अवलंबून राहते. मार्चमध्ये ‘२’ असलेली इजा जूनमध्ये ‘१’ झाली, हे वाक्य ऐकायला मोजमापासारखे वाटते. दोन्ही वेळा यंत्राची मांडणी तीच होती का, हे सांगितल्याशिवाय त्याला मोजमाप म्हणता येणार नाही.

याची तुलना छेदाच्या क्षेत्रफळाशी करा. कंडरेची कड आखून किती चौरस मिलीमीटर भरले ते मोजायचे आणि दुसऱ्या पायाशी ताडायचे. तेही अचूक नसते, पण बटणाचा त्यावर पुष्कळच कमी परिणाम होतो. माझ्या मते मूळ पद्धतीचा हा भाग अधिक भरवशाचा आहे. चित्राच्या मोहात तोच मागे पडतो, कारण डाग डोळ्यांत भरतो आणि क्षेत्रफळ मोजावे लागते.

तिसरा आक्षेप: त्या रेघा म्हणजे तंतू नव्हेत

कंडरेचा उभा छेद पाहिला तर पडद्यावर समांतर रेघा दिसतात. ‘कंडरेचे तंतू स्पष्ट दिसत आहेत’ असे त्याखाली लिहिलेले असते. आपण गणित करू. ७५ लाख हर्ट्‌झचा ध्वनी घेतला, तर १५४० भागिले ७५ लाख, म्हणजे तरंगलांबी सुमारे ०.२ मिलीमीटर. कोलॅजनच्या एका सूक्ष्म तंतूची जाडी मिलीमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास असते. तरंगलांबी तंतूच्या सुमारे २००० पट मोठी झाली. इतक्या जाड कुंचल्याने इतकी बारीक रेघ काढता येणार नाही. आजची यंत्रे याहून वरच्या वारंवारता वापरतात, तरी हे अंतर भरून निघण्यासारखे नाही. पडद्यावरच्या रेघा तंतूंच्या जुड्यांवरून आणि जुड्यांमधल्या आवरणांवरून आलेल्या प्रतिध्वनींच्या एकत्र परिणामातून उमटतात. त्या निरोगी मांडणीची खूण आहेत. त्या तंतूंचे चित्र नव्हेत. हत्तीच्या पावलाचा ठसा पाहून हत्ती गेला हे कळते, पण ठसा म्हणजे हत्ती नाही.

चौथा आक्षेप: डाग गेला म्हणजे बरे झाले?

सर्वांत गंभीर आक्षेप हा आहे, कारण इथे जिवाचा प्रश्न येतो.

इजेनंतर पहिल्या काही दिवसांत डाग वाढू शकतो. अगदी लवकर काढलेले चित्र इजा कमी दाखवते, म्हणून आठवड्याभराने पुन्हा पाहावे लागते. नंतर हळूहळू डाग करडा होऊ लागतो. नऊ महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त काळ जातो. एक दिवस उजवीकडचे चित्र डावीकडच्या चित्रासारखे दिसू लागते. आता घोडा धावायला मोकळा का?

प्रतिध्वनी एवढेच सांगतो, की तिथे पुन्हा काहीतरी भरून आले आहे. ते किती मजबूत आहे हे तो सांगत नाही. भरून येते तो व्रण असतो. त्यात आधी वेगळ्या जातीचे, बारीक कोलॅजन जमते आणि पुढे मूळ जातीचे वाढत जाते, पण पूर्वीची नेटकी समांतर मांडणी पूर्णपणे परत येत नाही. व्रण सहसा मूळ कंडरेपेक्षा ताठर असतो. तो कमी ताणला गेला, की शेजारच्या चांगल्या भागाला जास्त ताणावे लागते. त्यामुळे पुढची इजा पुष्कळदा जुन्या डागाच्या बाजूला होते.

मालकाला शर्यतीची तारीख दिसत असते. वैद्याला एक उत्तर द्यायचे असते. अशा वेळी ‘चित्र स्वच्छ आहे’ हे वाक्य फार सोयीचे ठरते. महालक्ष्मी असो, पुणे असो की इंग्लंडमधले एखादे मैदान असो, भर वेगात कंडरा गेली तर घोडा कोसळू शकतो आणि पाठीवरचा जॉकीही त्याच्याबरोबर. चित्र अचूक असूनही निर्णय चुकू शकतो, कारण चित्राला विचारलेला प्रश्न ‘तिथे काही आहे का’ हा होता आणि निर्णयाला हवे होते ‘ते किती पेलेल’ याचे उत्तर. म्हणूनच विचारी वैद्य चित्रावर थांबत नाहीत. ते चाल वाढवत नेतात, ठरावीक काळाने पुन्हा चित्र काढतात आणि वाढत्या भाराखाली क्षेत्रफळ फुगते का ते पाहतात.

यंत्र बदलले तर?

‘एमआरआय काढा, म्हणजे शंकाच नको’ असे कोणी म्हणेल. एमआरआयमध्ये खोलवरच्या आणि खुराच्या आत दडलेल्या इजा दिसतात, हा त्याचा मोठा गुण. सोनोग्राफीला खुराचे कठीण कवच भेदता येत नाही. पण मुलांना सांगण्यासारखी गंमत अशी, की एमआरआयमध्ये निरोगी कंडरा काळी दिसते आणि इजा पांढरी! कंडरेतल्या पाण्याचे रेणू तंतूंशी इतके जखडलेले असतात, की त्यांचा संकेत मोजण्याआधीच विरून जातो. इजेत मोकळे पाणी जमते आणि संकेत टिकतो. एकाच इजेला एक यंत्र काळे म्हणते आणि दुसरे पांढरे. रंगाला स्वतःचा अर्थ नसतो, त्यामागच्या प्रश्नाला असतो, हे याहून स्पष्ट कशाने होईल?

कोनाचे भूत इथेही सुटत नाही. तंतू चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन करत असतील, तर निरोगी कंडराही उजळ दिसते आणि इजेचा आभास होतो. शिवाय मोठ्या यंत्रासाठी घोड्याला पूर्ण भूल द्यावी लागते आणि भुलेत दगावणाऱ्या घोड्यांचे प्रमाण शंभरात सुमारे एक आहे. माणसाच्या तुलनेत हे फार मोठे आहे. २००० नंतर उभ्या घोड्याचे चित्र घेणारी कमी शक्तीच्या चुंबकाची यंत्रे आली. त्यांत भूल टळते, पण चित्र तितके बारीक नसते आणि घोडा हलला की बिघडते.

नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठातील संशोधकांनी सोनोग्राफीतच सुधारणा केली. प्रोब चौकटीत बसवून मोटरने सरकवायचा, १२ सेंटिमीटर लांबीत दर ०.२ मिलीमीटरला एक असे ६०० छेद घ्यायचे आणि लागोपाठच्या छेदांत करडेपणा किती स्थिर आहे हे संगणकाने तपासायचे. कोन आणि बटण ही दोन्ही दुखणी यात बरीच आटोक्यात येतात. निकाल चार रंगांत मिळतो. हिरवा म्हणजे उत्तम मांडणी, मग निळा, लाल आणि शेवटी काळा. सुधारणा खरी आहे. पण ‘हिरवे झाले, सोडा घोडा’ असे म्हणण्याचा मोह करड्या चित्रापेक्षा रंगीत चित्रात अधिक, हेही खरे.

निवाडा

मग ही चित्रजोडी पुस्तकातून काढून टाकावी काय? मुळीच नाही. तिच्यामुळे बोटांना न कळणाऱ्या इजा सापडल्या आणि उपचारांची तुलना शक्य झाली. माझी तक्रार आहे ती तिच्या एकटेपणाबद्दल. चित्राखाली बाणाबरोबर आणखी चार गोष्टी छापायला हव्यात: प्रोब कलवल्यावर डाग राहिला का, दुसरा पाय कसा दिसला, क्षेत्रफळ किती होते आणि इजेनंतर कितव्या दिवशी चित्र काढले. शेजारी तिसरे चित्रही हवे, निरोगी कंडरा मुद्दाम तिरप्या कोनातून काळी दाखवणारे. या चित्राने वाचक एकदा फसला, की पुढच्या वेळी बाणावर विसंबणार नाही.

शिक्षकांसाठी एक सोपा पाठ सुचवतो. करड्या छटांचे कोणतेही चित्र घ्या. त्याच्या तीन झेरॉक्स काढा, एक फिकट, एक मध्यम, एक गडद. वर्गाचे तीन गट करा आणि प्रत्येक गटाला एकेक प्रत द्या. चित्रातल्या ठरावीक पाच जागांना ० ते ४ अंक द्यायला सांगा. मग फळ्यावर तिन्ही गटांचे अंक शेजारी शेजारी लिहा. वाद होईल, तो होऊ द्या. आपली तुलना न्याय्य होण्यासाठी आधी काय ठरवायला हवे होते, याची यादी मुलांकडूनच काढून घ्या. एखादा गट म्हणेल, ‘प्रत एकच हवी होती.’ दुसरा म्हणेल, ‘शून्य कशाला म्हणायचे ते आधी दाखवायला हवे होते.’ त्यानंतर आरशाचा प्रयोग करा आणि मग घोड्याचे चित्र दाखवा. चित्र दाखवताना बाण मात्र कागदाच्या पट्टीने झाकून ठेवा.